पाच रुपयांचा पुडा

"मामा, मंदी आली तरी लोक खाणं थोडंच सोडतात? ब्रिटानियाचे शेअर घेऊन टाकू का?" भाचीनं विचारलं. कराडला मी वीस वर्षं बिस्किटांची एजन्सी चालवली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. माझ्याकडेही थोडे शेअर आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

लोक खाणं सोडत नाहीत, खरं आहे. पण हात छोट्या पुड्याकडे वळतो. 2019 च्या जूनमध्ये उंब्रज-मसूरच्या लाइनवर मी हे रोज पाहत होतो. मोठा पुडा नेणारं गिऱ्हाईक दहाच्या पुड्यावर आलं, दहावालं पाचवर. "मोठा माल परत न्या, पाचचीच पेटी ठेवा," दुकानदार म्हणायचे. पुराला बोल लावायची सोय नव्हती. कृष्णा-कोयनेचा पूर ऑगस्टमध्ये आला. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटानियाचे तेव्हाचे प्रमुख वरुण बेरी म्हणाले की, पाच रुपयांचा पुडा घेतानाही गिऱ्हाईक दोनदा विचार करतंय. दुकानात जूनमध्ये दिसलेलं गुंतवणूकदारांच्या कानी ऑगस्टमध्ये पडलं.

पाच रुपये हा आकडा हलवणं फार अवघड. साडेपाच कोण मोजून देणार? मग गहू, साखर, पाम तेल महागलं की पुड्याचं वजन उतरतं. 50 ग्रॅमचा पुडा 45 ग्रॅमचा झाला, तर किलोमागे 100 रुपयांचे 111 होतात. पुडे तेवढेच खपले तरी कंपनीचा माल दहा टक्क्यांनी कमी जातो आणि रुपयांतली विक्री जराही हलत नाही. म्हणून भाचीला म्हटलं, तिमाही निकालात आधी व्हॉल्यूम शोध, म्हणजे किती टन माल गेला ते. रुपये नंतर बघ.

मग तेल. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं कच्च्या पाम तेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं. गिऱ्हाईक हात आखडतंय आणि कच्चा माल चढतोय, अशा वेळी बिस्किटवाला दोन्ही बाजूंनी दाबला जातो. उलट सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तो दिलासा मोठा.

मंदी मात्र प्रत्येक वेळी सारखी वागत नाही. 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये देशाची अर्थव्यवस्था जवळपास चोवीस टक्क्यांनी आकसली, आणि ब्रिटानियाचा नफा दुपटीहून जास्त झाला. माणसं घरात अडकली होती, चहासोबत बिस्किटच होतं. 2019 मध्ये घराबाहेर पडायला बंदी नव्हती, खिसा रिकामा होता. शेअरवाल्यानं हा फरक ओळखलाच पाहिजे.

आणि भाव. 2019 मध्ये हा शेअर वर्षाच्या नफ्याच्या पन्नासपटीच्या आसपास मिळत होता. म्हणजे शंभर रुपये गुंतवले तर त्यामागे कंपनीची वर्षाची कमाई दोन रुपये. बँकेची ठेव तेव्हा सहा-सात देत होती. एवढा भाव आपण पुढच्या वाढीसाठी मोजतो. टनांची वाढ थांबली, तर कंपनी खणखणीत राहूनही आपले पैसे वर्षानुवर्षं जागच्या जागी बसतात. मला खरी भीती याचीच वाटते.

शेअर टप्प्याटप्प्यानं घ्यायचे म्हणून भाचीनं पैशांचे चार भाग केलेत. पहिला अजून बँकेतच आहे. मागच्या आठ तिमाह्यांचे व्हॉल्यूमचे आकडे ती वहीत उतरवतेय.