वर्गाचें हस्तलिखित मासिक

शाळेंतील निबंधाच्या वहीला वाचक किती, याचा विचार पालकांनीं कधीं केला आहे काय? विद्यार्थी ती गुरुजींसाठीं लिहितो. गुरुजी ती गुणांसाठीं तपासतात. आणि घरीं वडील ती उघडतात तीही गुण पाहण्यापुरतीच. आंत काय लिहिलें आहे हें जाणण्याच्या इच्छेनें ती हातीं घेणारें माणूस बहुधा एकही नसतें. मग मुलानें तींत उसनीं वाक्यें भरलीं तर दोष कोणाचा?

रत्नागिरीनजीकच्या एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. एका वर्षीं आठवीच्या वर्गाला 'पावसाळा' हा विषय दिला. चाळीस वह्या आल्या, आणि बहुतेकींत मोर नाचत होता. एका वहींत मात्र तो नव्हता. खाडीकांठच्या, मासेमारी करणाऱ्या घरांतील एका मुलानें, पाऊस लागण्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर कशा ओढून घेतात, नारळीचे झाप घालून त्या कशा शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत वडील घरींच असल्यामुळें जाळीं दुरुस्त करतांना रात्रीं गोष्टी कशा रंगतात, हें सारें आपल्या घरच्या बोलींत लिहिलें होतें. माझ्या संस्कृताभिमानी कानाला तें रुचलें नाहीं. मीं तांबड्या शाईनें रेघा ओढल्या व समासांत 'ग्राम्य' असा शेरा मारला. पुढच्या निबंधांत त्याच्याही वहींत मोर आला! आपण काय केलें तें मला त्या दिवशीं उमगलें.

त्यानंतर वर्गाचें हस्तलिखित मासिक सुरू केलें. सामग्री ती काय? फुलस्केप कागद, दाभण-दोरा आणि सुवाच्य अक्षराचे दोन विद्यार्थी. प्रत एकच, ती रोज एका घरीं मुक्कामाला जाई. शेवटीं चार कोरीं पानें राखलेलीं असत. त्यांवर घरांतील कोणींही अभिप्राय लिहावा. जें माझ्या तांबड्या शाईला कधीं साधलें नाहीं, तें या कोऱ्या पानांनीं केलें.

एका मुलीनें सांदणांची कृति लिहिली व काप्या फणसाचे गरे घ्यावे असें सांगितलें. अंक तिसऱ्या घरीं जातो न जातो तोंच तेथील आजीबाईंनीं नातवाकडून लिहवून धाडलें, कीं सांदणांना बरका फणस लागतो, काप्याचा रस निघत नाहीं. शिवाय रवा कशाचा, तें लिहावयाचें लेखिका विसरली आहे. पुढील अंकांत कृति नव्यानें आली. या खेपेस मापें, क्रम, क्रियापदें सारीं जागच्या जागीं होतीं. आपलें वाचून कोणी तरी खरोखरच सांदणें करावयास बसणार आहे, ही जाणीव व्याकरणाच्या पुस्तकांतून कोठून यावी? एका गृहस्थांनीं मात्र एका मुलाच्या अक्षराची अशी कांहीं थट्टा केली कीं तो दोन दिवस शाळेंतच आला नाहीं. तेव्हांपासून नियम केला : शेरा मारूं नये, प्रश्न विचारावा.

यांत नवें असें कांहीं नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील पालगडास १८९९ सालीं जन्मलेले साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयांत असतां मुलांसाठीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत. मासिकानें माझी दमछाक होई, तेथें हें दैनिक! पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' अवघ्या पांच दिवसांत लिहून झाली; त्या लेखणीला मुलांशीं बोलण्याची संवय अमळनेरासच जडली असावी, असें मला वाटतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली तेव्हां तेही शिक्षकच होते, आणि माला चालू असतांनाच त्यांची बदली रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत झाली होती. मालेंतील मजकूर बहुतेक एकटाकी, तेव्हां वर्गाच्या अंकाला तो कित्ता उपयोगी नाहीं. परंतु भाषा शिकविणारानें स्वतः लिहिलें पाहिजे, एवढें तरी त्यांच्यापासून घ्यावें. मींही दर अंकांत एक लेख देऊं लागलों. लौकरच एका विद्यार्थिनीनें कोऱ्या पानावर विचारलें, "गुरुजी, हें वाक्य कोठें संपतें?" त्यानंतर माझीं वाक्यें आंखूड झालीं.

हल्लीं मोबाइलवर पानाचें छायाचित्र काढून मुंबईच्या काकांना क्षणांत धाडतां येतें. ही सोय अवश्य घ्यावी. पण अंक हातानेंच लिहावा, कारण सुवाच्य प्रत करतांना मूल आपलेंच वाक्य दुसऱ्यांदा वाचतें. ज्या घरीं चार चुलत भावंडें एकत्र नांदतात, त्या घरानें तर शाळेची वाटही पाहूं नये.

त्या खाडीकांठच्या मुलाकडे मीं तीनदां लेख मागितला. त्यानें दिला नाहीं. दोन वर्षांनीं त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गांत आली. होड्या शाकारण्याचा लेख तिनें दिला, बोलींतच. कठीण शब्दांचे अर्थ तेवढे समासांत लिहिले होते. अंक फिरून आला तेव्हां कोऱ्या पानांवर तीन घरांचे प्रश्न होते. झाप किती दिवस टिकतात, असें एकानें विचारलें होतें. त्याचें उत्तर तिच्या भावानें लिहून पाठविलें.