दिवसाला 5,400 फटकारे

पहाटे अमरावतीच्या इतवाऱ्यात आणि अकोल्याच्या जठारपेठेत खराटा सुरू होतो. हजेरी लागते, झाडायचा बीट ठरतो, सफाई कामगार बाई कमरेत वाकते. दोन सेकंदांना एक फटकारा धरा. खराटा हातात असण्याचे तीनच तास मोजले, तरी ते 5,400 होतात. वर्षाचे 300 दिवस, नोकरीची 30 वर्षं: 4 कोटी 86 लाख. एक कंबर, एक उजवा खांदा.

आता श्वास. अशा मेहनतीत माणूस मिनिटाला साधारण 30 लिटर हवा ओढतो. तीन तासांचे पुन्हा 5,400 लिटर, आणि 30 वर्षांत 4 कोटी 86 लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरात भरली तर 4,860 टँकर! वऱ्हाडात पाण्याचा टँकर म्हणजे काय, हे सांगायला नको. ही सगळी हवा खराट्यानंच उडवलेल्या धुळीतली. त्यातला बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान; तोंडाला बांधलेल्या पदराला तो जुमानत नाही.

आता कचरा. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही शहरांची मिळून लोकसंख्या पावणेअकरा लाख. माणशी 350 ग्रॅम कचरा धरला, तर रोजचा पावणेचारशे टन होतो. आज तो जास्तच असणार. त्यावर वऱ्हाडाचा उन्हाळा: मे 2024 मध्ये पारा 45 अंशांपुढे गेला, तेव्हा अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं.

गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना 2019 ते 2023 मध्ये देशात 377 माणसं मेली, असं सरकारनं संसदेत सांगितलं. एकही मृत्यू व्हायला नको होता. पण तो आकडा निदान नोंदला गेला. खराट्यानं हळूहळू झिजलेल्या फुप्फुसाची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? हजेरीत पाय मोजले जातात, छाती नाही. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वर्दी, बूट, हातमोजे, रेनकोट, मास्क हे सगळं लिहिलेलं होतं. ते ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईलाही लागू होतं.

हातात खराटा घेऊन गावं झाडणारे गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या मुलखात एवढं तरी व्हावं: वर्षातून एकदा प्रत्येकीची फुंकून केली जाणारी फुप्फुसाची तपासणी. तिला पंधरा मिनिटं पुरतात. वर्षाचे झाडण्याचे तास 900. म्हणजे कामाच्या दर तासामागे फक्त एक सेकंद.