बीडीडी चाळी आणि वारशाचा प्रश्न

जुन्या वस्तीचे काय करायचे, ह्याची शहराच्या कारभाऱ्यांकडे दोनच उत्तरे असतात. वस्ती पाडायची, किंवा तिची रंगरंगोटी करून ती पाहुण्यांना दाखवायची. दोन्हींत तिथे राहणारा माणूस हिशेबात शेवटी येतो. मुंबईच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू असताना ह्या प्रश्नाचा विचार आपण आपल्या बाजूने केला पाहिजे.

१९२० साली मुंबई सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. कामगारांसाठी त्याने बांधलेल्या चाळी म्हणजे बीडीडी चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. ह्यावरून ही बांधणी कोणत्या दृष्टीने झाली होती, ते उमगते.

पण गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला इथे पक्के छप्पर मिळाले. जात मात्र गावाहून सामानाबरोबर आली. बौद्धांच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जात. ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. ह्या भिंतींनी हे सारे पाहिले आहे.

आता वारशाचे पाहा. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या ९४ इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील आर्ट डेको इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या आहेत. आमच्या चाळी त्याहून जुन्या. त्या इमारतींच्या योग्यतेबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्या निर्णयातली एक गोष्ट आपण घ्यावी. तिथे मान सुट्या इमारतींना मिळाला नाही. दोन रांगा आणि त्यांच्यामधले मोकळे मैदान, हे सर्व मिळून वारसा ठरले. मग दोन चाळींमधल्या ज्या मोकळ्या जागेत जयंतीचा मंडप पडला, सभा झाल्या, संपाची चर्चा झाली, ती जागा वारसा का नव्हे? उच्चभ्रूंचे मैदान वारसा आणि कामगारांचे मैदान रिकामा भूखंड, हा न्याय कोणता?

परळच्या बीआयटी चाळीतील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. शाहू महाराज त्यांना भेटायला त्या चाळीत आले. त्या दोन खोल्यांना नुसते दगडमातीचे मोल लावता येईल काय?

तरीही चाळीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. मी अशाच एका चाळीत वाढलो. घरात सात माणसे. रात्री सगळे आडवे झाले की मी पॅसेजमधल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसे. पदवी मिळवणारा घरातला पहिला मी. पहाटे चारला बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभी राहणारी आई मी पाहिली आहे. तिला कोणी 'वारसा जपा' म्हणून सांगितले असते, तर तिने त्याच्या हातात बादली दिली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हे कोणाचे उपकार नव्हेत. तीन-चार पिढ्यांच्या घामाचा तो हक्क आहे.

प्रश्न घरापुढचा आहे. त्याच पॅसेजमध्ये शेजारचे काका माझे गणित तपासत आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तिथेच कळे. चाळीस मजली इमारतीत ही जागा आपोआप तयार होत नाही; ती मागून घ्यावी लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मैदान सर्वांना खुले राहावे, त्याचे वाहनतळ होऊ नये. विहार, अभ्यासिका आणि व्यायामशाळा जमिनीलगत असाव्यात आणि त्यांचा कारभार रहिवाशांकडे असावा. देखभालीचा खर्च इतका नसावा की घर मिळालेल्यालाच ते विकून कर्जत-विरारला जावे लागेल. मूळ माणसे निघून गेली तर जपलेला वारसा कोणाचा? आणि एक तरी चाळ खोल्यांसह जशीच्या तशी राखून तिथे ह्या लोकांचा इतिहास लोकांनीच मांडावा.

शेवटचे काम सरकारचे नाही, आपले आहे. चाळ रिकामी होताना जुनी पत्रके, मंडळांच्या वह्या, मोर्चांची छायाचित्रे रद्दीत जातात. कार्यकर्त्यांनी ती गोळा करावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन चाळीतल्या म्हाताऱ्या बायांकडे बसावे आणि त्या सांगतील ते लिहून घ्यावे. चाळी पाडायला फार दिवस लागत नाहीत.