लिनक्स संगणकास स्कॅनर आपोआप कसा ओळखू येतो?

शाळेचे जनरल रजिस्टर ही गावाच्या कित्येक पिढ्यांची नोंद होय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगली व कराड भागातील अनेक गावांत शिरले. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शाळांची जुनी रजिस्टरे उघडावी लागली, तेव्हा त्यांतील एकेका ओळीचे मोल सर्वांस उमगले. म्हणून या रजिस्टरांच्या प्रतिमा स्कॅनरने घेऊन ठेवणे इष्ट आहे. परंतु ‘स्कॅनर सापडला नाही’ असा संदेश येताच यंत्र बिघडले असे समजून ते कपाटात ठेवले जाते. बहुधा यंत्र निर्दोष असते. ओळख मात्र अपुरी राहिलेली असते.

ही ओळख तीन पायऱ्यांनी होते. नवा विद्यार्थी प्रथम दारात येतो, मग दाखल्यावरून ओळखला जातो आणि शेवटी त्यास वर्गात बसण्याची परवानगी मिळते. तसेच हे आहे.

पहिली पायरी तारेची. स्कॅनर जोडून टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे लहान रोमन लिपीत लिहावी. प्रत्येक यंत्रास कारखान्याचा व नमुन्याचा असे दोन क्रमांक असतात. एप्सनचा कारखाना-क्रमांक ०४बी८ हा आहे. यादीत यंत्र दिसले नाही, तर तार, जोडणीची जागा व वीज तपासावी.

दुसरी पायरी चालकाची. लिनक्सवर ‘सेन’ नावाची प्रणाली स्कॅनर चालविते. ‘स्कॅनइमेज’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, एक जागा मोकळी सोडून, आडवी रेघ व तिला लागून मोठे एल अक्षर लिहावे. पहिल्या यादीतील यंत्र येथे दिसले नाही, तर त्याचा चालक बसविलेला नसण्याचा संभव असतो. एचपीच्या पुष्कळ यंत्रांस ‘एचपीएलआयपी’ हा संच लागतो. काही नमुन्यांस मात्र सेनचा आधारच नाही. म्हणून खरेदीपूर्वी सेनच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी.

तिसरी पायरी परवानगीची. यंत्र जोडताच ‘यूडेव्ह’ हा कार्यक्रम त्याचे क्रमांक नियमांशी ताडून वापरकर्त्यास परवानगी देतो. हाच आदेश ‘सुडो’ शब्द पुढे लावून दिल्यावर यंत्र दिसते, एरवी दिसत नाही, असे झाल्यास दोष येथेच आहे. आपले वापरकर्ता-नाव ‘स्कॅनर’ गटात, आणि मुद्रकासह असलेल्या यंत्रासाठी ‘एलपी’ गटात घालून पुन्हा प्रवेश करावा.

तिन्ही पायऱ्या क्रमाने तपासल्यावाचून नवे यंत्र मागवू नये. ओळख पटताच सर्वांत जुने रजिस्टर प्रथम घ्यावे. दर इंचास ३०० बिंदू ठेवावेत आणि प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी जपाव्यात. मूळ रजिस्टर मात्र कधीही निरुपयोगी समजू नये.