साठीनंतरची लस : ऐकीव आणि तपासलेलं

जानेवारी २०२१च्या अखेरीस जर्मनीतल्या एका मोठ्या वृत्तपत्रानं बातमी दिली की ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची कोविड लस ६५ वर्षांवरच्या लोकांत जेमतेम ८ टक्के परिणामकारक आहे. हीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ‘कोविशील्ड’ नावानं तयार होत होती आणि १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना टोचली जाणार होती. जर्मन आरोग्य मंत्रालयानं लगेच खुलासा केला. बहुधा दोन आकड्यांची गल्लत झाली होती. चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के लोक ५६ ते ६९ वयाचे होते. किती जण तपासले त्याचा आकडा किती जण वाचले त्याच्या खात्यावर चढला होता.

तरीही जर्मनीच्या लसीकरण समितीनं ही लस सुरुवातीला ६५च्या आतल्यांनाच द्या, असं सांगितलं. तिथून पुढचा गैरसमज जन्माला आला.

गैरसमज : “समितीनं नाही म्हटलं, म्हणजे ज्येष्ठांवर लस चालत नाही.”

समितीचं म्हणणं एवढंच होतं की ज्येष्ठांबद्दल काही ठामपणे सांगावं इतकी माहिती हातात नाही. लागू पडत नाही हे सिद्ध होणं वेगळं आणि लागू पडतं का हे पुरेसं तपासलेलंच नसणं वेगळं. ब्रिटनमधल्या वृद्धांच्या लसीकरणाची आकडेवारी आल्यावर मार्चच्या सुरुवातीला समितीनं ६५च्या पुढच्यांनाही लस खुली केली. ३० मार्चला तर सल्ला पार उलटा झाला : ही लस साठीच्या पुढच्यांनाच द्या. कारण रक्ताच्या गुठळ्यांचा जो दुर्मीळ पण गंभीर त्रास दिसला, तो मुख्यतः त्याहून कमी वयाच्यांत होता. लोकांना हा सावळागोंधळ वाटला आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पण सुरक्षितता आणि परिणाम ही दोन्ही उत्तरं वयाप्रमाणे बदलतात, हे इतक्या थोड्या दिवसांत इतक्या उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

गैरसमज : “तरुणांना लागू पडली ना, मग आजोबांनाही पडेल.”

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. ही ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बरीचशी चरबी उरते. जुन्या ओळखीच्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पेशी भरपूर असतात, पण नव्या जंतूची ओळख करून घेणाऱ्या कोऱ्या पेशी कमी पडतात. त्यामुळे तीच लस, तीच मात्रा, पण प्रतिसाद फिका.

फ्लूच्या लशीत हा प्रश्न मात्रा वाढवून सोडवला गेला. नेहमीच्या लशीत प्रत्येक प्रकारच्या विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, ज्येष्ठांसाठीच्या एका लशीत ६० घातलं. ६५ वर्षांवरच्या सुमारे ३२ हजार लोकांवर दोन्ही लशी ताडून पाहिल्या, तेव्हा जास्त मात्रेच्या गटात फ्लूचं प्रमाण नेहमीच्या लशीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरलं.

गैरसमज : “या वयात शरीरच थकलेलं, लस काय करणार?”

याला नागिणीच्या लशीसारखं दुसरं उत्तर नाही. नागीण म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती भीती : तिची दोन टोकं जुळून कमरेला वेढा पडला की माणूस जातो. तसं काही नाही. लहानपणी कांजिण्या झाल्यावर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेपाशी थांबतं. खरा छळ असतो तो पुरळ गेल्यावरही महिनोन् महिने राहणाऱ्या वेदनांचा.

पहिली लस, झोस्टावॅक्स, अमेरिकेत २००६मध्ये आली. तीत कांजिण्यांच्या लशीतलाच जिवंत पण दुबळा केलेला विषाणू होता, मात्रा मात्र कित्येक पट. साठीच्या पुढच्या ३८,५४६ लोकांवर ती तपासली होती आणि नागीण निम्म्यानं कमी झाली. पण वयाप्रमाणे आकडे मांडले की चित्र बदलतं : साठीतल्यांना ६४ टक्के संरक्षण, सत्तरीतल्यांना ४१ आणि ऐंशीच्या पुढे फक्त १८. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच पदरात सर्वांत कमी.

इथेच थांबले असते, तर ‘थकलेलं शरीर’ हेच खरं ठरलं असतं. पुढची लस, शिंग्रिक्स, वेगळ्या रीतीनं बांधली. तीत जिवंत विषाणू नाही, त्याच्या कवचावरचं फक्त एक प्रथिन आहे आणि सोबत प्रतिकारशक्तीला ढोसणारं एक मिश्रण. त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात, साबणासारखा फेस येणाऱ्या सालीतून. पन्नाशीच्या पुढच्या १५,४११ लोकांच्या चाचणीत सरासरी तीन वर्षांच्या देखरेखीत लस घेतलेल्यांपैकी ६ जणांना नागीण झाली आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात २१० जणांना. सत्तरीच्या पुढच्यांची चाचणी वेगळी घेतली : १३,९०० लोक, सरासरी वय पंचाहत्तरच्या वर. तिथे हा हिशेब २३ विरुद्ध २२३ असा होता, म्हणजे जवळपास ९० टक्के संरक्षण. शरीर तेच, वय तेच. लस बदलली. ही लस २०२३पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना दोन डोस. महाग आहे, हेही खरं.

गैरसमज : “अँटीबॉडी मोजल्या की झालं.”

२०२१मध्ये लस घेऊन लॅबमध्ये अँटीबॉडी मोजायला जाण्याची साथच आली होती. कोणाचा आकडा किती, यावर सोसायट्यांत चर्चा रंगत. पण तो आकडा म्हणजे संरक्षण नव्हे. नागिणीचंच पाहा : या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकून असतात, तरी नागीण होते, कारण विषाणूला दडपून ठेवण्याचं मुख्य काम टी-पेशींचं आहे आणि उतरतात त्या टी-पेशी. म्हणून शिंग्रिक्सच्या चाचणीत काही जणांच्या रक्तातल्या पेशींना प्रयोगशाळेत विषाणूचं प्रथिन दाखवून किती पेशी जाग्या होतात, हेही मोजलं. फ्लूमध्येही तेच. रक्त चाळीस पट पातळ करूनही त्यातल्या अँटीबॉडी विषाणूला अडवत असतील, तर संरक्षण आहे असं धरतात, पण ही रेघ मुख्यतः तरुण, निरोगी प्रौढांवरच्या प्रयोगांतून ठरली. ज्येष्ठांत ती तितकीशी भरवशाची नाही. शेवटी आजार टळला का, हेच पाहावं लागतं. त्याला हजारो माणसं आणि काही वर्षं लागतात.

“ताप आला नाही, म्हणजे लस लागली नाही” हेही खोटं. ऑक्सफर्डच्या लशीच्या ५६० जणांच्या अभ्यासात सत्तरीच्या पुढच्यांना ताप-अंगदुखी तरुणांपेक्षा कमी झाली, पण दुसऱ्या डोसनंतर अँटीबॉडी जवळपास सारख्याच वाढल्या. उलट शिंग्रिक्सनं दंड चांगलाच दुखतो. पन्नाशीच्या पुढच्यांच्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना रोजची कामं अडावीत इतका त्रास झाला, मिठाच्या पाण्याच्या गटात ३.२ टक्क्यांना. तो एक-दोन दिवसांत ओसरला. असा त्रास सहभागींनी आठवडाभर डायरीत रोज लिहायचा असतो.

गैरसमज : “लस घेतली आणि चार दिवसांत गेले, म्हणजे लशीनंच गेले.”

घरातलं माणूस गेलं की मन कारण शोधतं आणि शेवटची घडलेली गोष्ट पटकन हाताशी येते. यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. पण नॉर्वेतला अनुभव पाहा. २०२१च्या सुरुवातीला तिथल्या वृद्धाश्रमांत सुमारे ३० हजार रहिवाशांना फायझरची लस दिली गेली आणि त्यानंतरच्या मृत्यूंच्या बातम्या जगभर गेल्या. त्या आश्रमांत एरवीही रोज सरासरी ४५ माणसं मरण पावतात. तज्ज्ञांनी कळवलेल्या पहिल्या १०० मृत्यूंची छाननी केली : ५९मध्ये लशीचा संबंध असण्याची शक्यता कमी, २६मध्ये शक्य, १०मध्ये बहुधा होता. म्हणजे ‘सगळे लशीनं गेले’ हे चूक आणि ‘एकालाही काही झालं नाही’ हेही चूक. अतिशय खंगलेल्या माणसाला साधा ताप-उलटीही झेपत नाही.

म्हणूनच चाचणीत तुलनेचा गट लागतो. ज्येष्ठांच्या चाचणीत न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडलं आणि रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तरी ती ‘गंभीर घटना’ म्हणून नोंदवतात. दोन्ही गटांत अशा घटना आणि मृत्यू सारखेच असतील, तर दोष वयाचा. शिंग्रिक्सच्या दोन्ही मोठ्या चाचण्यांत ते सारखेच होते.

चाचणीत सगळंच कळतं असं मात्र कोणी समजू नये. शिंग्रिक्सनंतर गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे दर दहा लाख डोसमागे सुमारे तीन जादा रुग्ण ६५ वर्षांवरच्यांत दिसले आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२१मध्ये तशी सूचना लेबलवर घातली. पंधरा हजारांच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी लस बाजारात आल्यावरची नोंद लागते.

राहिला ‘म्हाताऱ्यांना गिनीपिग करतात’ हा आरोप. भारतात २०१९च्या नियमांनुसार लेखी संमती, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई बंधनकारक आहे आणि गंभीर घटना डॉक्टरनं २४ तासांत कळवायची असते. माझी तक्रार उलटी आहे. चाचण्यांत येतात ते चालते-फिरते, बऱ्यापैकी तब्येतीचे ज्येष्ठ. अंथरुणाला खिळलेली नव्वदीची आजी त्यांत नसते आणि लस मात्र तिलाही देतात. नॉर्वेनं दाखवलेली फट तीच.

तेव्हा आईवडिलांना लस देण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा : ही लस यांच्या वयाच्या आणि यांच्यासारख्या तब्येतीच्या किती लोकांवर तपासली आहे? आणि चाचणीत भाग घेण्याचं आमंत्रण आलं, तर संमतीपत्रक मराठीत मागून घ्या, घरी नेऊन सावकाश वाचा आणि सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद आहे का ते बघा. २००९पासून ती नोंद सक्तीची आहे आणि कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते.