हार्डवेअरची कुंडली : डिव्हाइस ट्री

पेनड्राइव्ह संगणकाला जोडताच तो स्वतःची ओळख सांगतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल त्याला योग्य ड्रायव्हर शोधून देतो. मोबाइल किंवा राउटरमधील चिपवरच्या अनेक घटकांना मात्र अशी ओळख सांगता येत नाही. त्यांचा मेमरीतील पत्ता व इंटरप्टचा क्रमांक कर्नलला आधीच कळवावा लागतो.

लिनक्समध्ये एआरएम प्रोसेसरसाठी ही माहिती पूर्वी प्रत्येक बोर्डागणिक ‘सी’ भाषेतील फाइलींत लिहिली जात असे. हा पसारा इतका वाढला, की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमनेही पॉवरपीसीवर आधीपासून रूढ असलेली ‘डिव्हाइस ट्री’ पद्धत स्वीकारली.

या पद्धतीत हार्डवेअरचे वर्णन कर्नलबाहेर, वेगळ्या फाइलीत असते. बूटलोडर तिचे संकलित रूप कर्नलकडे सोपवतो. त्यातील ‘कम्पॅटिबल’ ही नोंद ड्रायव्हरमधील नावाशी जुळली, की ड्रायव्हर कामाला लागतो आणि पत्ता, इंटरप्ट आदी तपशील त्या वर्णनातूनच वाचतो.

खरी कसोटी पुढे असते. हे वर्णन उपकरणातच कायमचे साठवलेले असू शकते. कर्नल मात्र बदलत राहतो. म्हणून ऐच्छिक नोंद नसल्यास ड्रायव्हरने ठरावीक मूल्य गृहीत धरावे, अत्यावश्यक नोंद नसल्यास त्रुटी कळवून थांबावे आणि जुन्या नोंदींचा अर्थ कधीही बदलू नये. अन्यथा काल सुरळीत चालणारा राउटर नवा कर्नल घालताच बंद पडेल.