मानेतल्या चार ग्रंथी आणि डायलिसिसच्या रुग्णाचा बीपी

दिवाळी आली म्हणून डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार, दर वेळी सुमारे चार तास. मग त्या दिवशी लक्ष्मीपूजन असो की भाऊबीज. पुण्यात महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयापासून मोठ्या खासगी रुग्णालयांपर्यंत कुठेही जा, रुग्णाला यंत्राला जोडण्याआधी वजन आणि बीपी पाहिलाच जातो. दोन पाळ्यांच्या मधे अंगात साठलेले पाणी वजनात दिसते आणि त्यापाठोपाठ बहुतेकांचा बीपी चढतो. चकली, शेव, चिवड्यातल्या मिठाने तहान वाढते, म्हणून फराळाच्या दिवसांत हे वजन जास्तच भरते.

काहींचा बीपी मात्र पाणी पुरेसे काढूनही, तीन-चार प्रकारच्या गोळ्या घेऊनही दाद देत नाही. अशा वेळी ज्या कारणांचा शोध घ्यावा लागतो, त्यांतले एक मानेत दडलेले असते.

थायरॉइडच्या मागे बहुतेक माणसांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एकेकीचे वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली होती. माणसातल्या ग्रंथींचे नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी केले. या ग्रंथींचे काम एकच, पण जिवाशी गाठ असलेले : रक्तातले कॅल्शियम सांभाळणे. ते कमी झाले की पीटीएच हे संप्रेरक सुटते आणि हाडांतून कॅल्शियम ओढून आणते.

मूत्रपिंडे निकामी झाली की फॉस्फेट साठत जाते, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे तयार होत नाही आणि कॅल्शियम घसरते. ग्रंथी वर्षानुवर्षे जादा काम करून फुगतात. हाडे पोकळ होत जातात आणि तेच कॅल्शियम फॉस्फेटसह धमन्यांच्या भिंतींत जाऊन बसते. कडक झालेली धमनी ताणली जात नाही, म्हणून बीपीचा वरचा आकडा वाढतो. पीटीएच दीर्घकाळ चढे राहिल्यास हृदयाचा स्नायू जाड होण्यालाही हातभार लागतो, असे मानले जाते.

सुरुवातीचा उपाय पथ्य आणि औषधांचा. खवा, शेंगदाणे, डाळे यांवर लक्ष ठेवायचेच; पण पाकीटबंद पदार्थांत आणि कोलात वरून घातलेले फॉस्फेट डाळी-दाण्यांतल्या फॉस्फेटपेक्षा कितीतरी सहज शोषले जाते, हे घरोघरी माहीत असायला हवे. जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची सक्रिय औषधे, पीटीएच कमी करणारे सिनाकॅल्सेट हे पुढचे टप्पे. एवढे करूनही पीटीएच आवरत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. साडेतीन ग्रंथी काढून अर्धी ठेवतात, किंवा चारही काढून एकीचे छोटे तुकडे हाताच्या स्नायूत रुजवतात. हात निवडतात तो फिस्चुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) नसलेला.

मग बीपी उतरतो का? शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणाऱ्या अनेक अभ्यासांत तो काही महिन्यांत कमी झालेला, गोळ्याही घटलेल्या दिसतात. काही अभ्यासांत फारसा फरक पडलेला नाही. यात नवल नाही, कारण त्याच काळात ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचे लक्ष्य वजन), औषधे आणि डायलिसिसच्या द्रावणातले कॅल्शियमही बदललेले असते. शिवाय धमन्यांत आधीच बसलेला कॅल्शियमचा थर सहजी विरघळत नाही. त्यामुळे केवळ बीपीसाठी कोणी ही शस्त्रक्रिया सुचवत असेल, तर दुसऱ्या नेफ्रॉलॉजिस्टचे मत घ्यावेच.

जास्त काळजी घ्यायची ती पहिल्या काही आठवड्यांत. पीटीएच अचानक खाली आले की उपाशी हाडे रक्तातले कॅल्शियम भराभर ओढून घेतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, पेटके येतात, ईसीजी बदलतो. कॅल्शियम फार घसरले तर हृदयाचे आकुंचन मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी पडतो. त्यात जुन्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या आणि यंत्रानेही नेहमीएवढेच पाणी ओढले, तर रुग्णाला भोवळ येते. इतकेच नाही, बीपी फार खाली राहिला तर फिस्चुलात गुठळी होऊन तो बंद पडू शकतो, आणि डायलिसिसच्या रुग्णासाठी फिस्चुला म्हणजे जीवनवाहिनी. म्हणून घरी सोडताना बीपीच्या प्रत्येक गोळीचा पुन्हा विचार व्हायला हवा. कॅल्शियम सावरण्यासाठी द्रावणात त्याचे प्रमाण वाढवले, तर डायलिसिस चालू असताना बीपी उलट चढूही शकतो. ही गोष्ट तंत्रज्ञालाही सांगितलेली बरी.

पुढे भूक सुधारली, अंग भरले, की ड्राय वेटही नव्याने ठरवावे लागते. नाहीतर आलेले मांस पाणी समजून यंत्र ओढत राहते. आणि वर्ष-दोन वर्षांनी बीपी पुन्हा चढलाच, तर आधी पाणी आणि मीठ तपासायचे, मग पीटीएच. मानेत ठेवलेली अर्धी ग्रंथी किंवा हातात रुजवलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो. तुकडा हातात असेल तर पीटीएचसाठीचे रक्त त्या हातातून काढू नये. तिथला आकडा खऱ्यापेक्षा फार मोठा येतो.